गोळ्या पुरेशा ठरेनाशा झाल्यावर : बीटा पेशींची उरलेली ताकद कशी मोजावी आणि पुढे काय करावे

मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे चांगल्या लागू पडलेल्या माणसाची साखर हळूहळू वर सरकू लागते, तेव्हा घरात पहिला संशय त्याच्या खाण्यावर घेतला जातो. माझ्या वडिलांच्या वहीत उपाशीपोटीच्या साखरेचे आकडे वर्षभरात १२८ वरून १३६, मग १५१ आणि शेवटी १७४ असे चढत गेले होते. प्रत्येक आकड्यासमोर आदल्या रात्री काय आणि किती खाल्ले हे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते, तरीही मी त्यांना विचारले, “बाबा, तुम्ही चोरून गोड खाता का?” ते काही बोलले नाहीत, त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. वहीत काहीही खोटे नव्हते. चौथी गोळी सुरू होऊन आठ महिने झाले होते, वजन सहा किलोंनी उतरले होते, आणि मग एका नव्या डॉक्टरांनी एक साधी रक्ततपासणी लिहून दिली, जिच्यामुळे त्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन किती तयार होते आहे हे कळले. ते फारच थोडे होते. गोळ्यांना ज्या पेशींकडून काम करून घ्यायचे होते, त्या पेशीच थकल्या होत्या.

त्या तपासणीपर्यंत वेळेवर कसे पोहोचावे आणि तिचा अहवाल हातात आल्यावर काय करावे, हे मी इथे लिहितो आहे. औषध सुरू करणे, थांबवणे किंवा त्याची मात्रा बदलणे हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो आणि तो त्यांच्याशी बोलूनच घ्यावा, परंतु “माझे स्वतःचे इन्सुलिन किती उरले आहे?” हा प्रश्न रुग्णाने आणि घरच्यांनी विचारायला हवा, आणि तो आणखी एखादी गोळी वाढण्याच्या आधी विचारायला हवा.

गोळ्या कोणाच्या जोरावर काम करतात

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. त्यात विखुरलेले पेशींचे छोटे पुंजके १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याने प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. प्रौढ माणसात अशी सुमारे १० लाख बेटे असतात, पण त्यांचे एकूण वजन स्वादुपिंडाच्या अवघे १ ते २ टक्के भरते. या बेटांतील निम्म्याहून अधिक पेशी साधारणपणे बीटा पेशी असतात आणि सबंध शरीराला लागणारे इन्सुलिन त्याच बनवतात. रक्तातील ग्लुकोज बीटा पेशीत शिरून तिथे जळले की निर्माण झालेल्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणावरील पोटॅशियमची दारे बंद होतात, आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि साठवून ठेवलेल्या इन्सुलिनच्या कणिका रक्तात रिकाम्या होतात.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या पोटॅशियमची हीच दारे थेट बंद करतात, म्हणजे साखर वाढलेली असो वा नसो, पेशीला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. म्हणूनच या गोळीवर जेवण चुकले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या ग्लिप्टिन गटातील गोळ्या आतड्यातून येणाऱ्या एका संप्रेरकाचे आयुष्य वाढवतात आणि ते संप्रेरक जेवणानंतर बीटा पेशींना चालना देते. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून होणारी साखरेची निर्मिती रोखते आणि पायोग्लिटाझोन शरीराची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारते, पण या दोन्हींना रक्तात थोडेतरी इन्सुलिन असावेच लागते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मात्र बीटा पेशींवर अवलंबून नसतात, कारण त्या मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्यापासून संभवणाऱ्या एका वेगळ्याच धोक्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात बीटा पेशींची ताकद घटत जाते ही नवी माहिती नाही. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९८ मध्ये मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘यूकेपीडीएस’ या मोठ्या अभ्यासात निदानाच्या वेळीच बीटा पेशींचे काम सुमारे निम्म्यावर आलेले दिसले, आणि पुढे रुग्ण केवळ आहारावर असो, मेटफॉर्मिनवर असो वा सल्फोनिलयुरियावर, ही घसरण चालूच राहिली. त्याच अभ्यासात एकाच औषधावर एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांखाली राखू शकणारे रुग्ण ३ वर्षांनी सुमारे निम्मे आणि ९ वर्षांनी सुमारे एकचतुर्थांश उरले. या आकड्यांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण पथ्य काटेकोर पाळणाऱ्या माणसाच्याही गोळ्या अपुऱ्या पडू शकतात आणि त्यासाठी त्याला दोषी धरणे अन्यायाचे आहे.

तपासणीआधी दोन आठवडे

असे असले तरी साखर वाढली म्हणजे बीटा पेशी संपल्याच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे रोज उपाशीपोटी, आणि एक दिवसाआड मुख्य जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, ग्लुकोमीटरवर साखर मोजून वेळेसह लिहून ठेवावी. गोळ्या कोणत्या वेळी घेतल्या आणि कोणती चुकली हेही प्रामाणिकपणे लिहावे. रिकाम्या होणाऱ्या पाकिटांची संख्या आणि गेलेले दिवस यांचा मेळ घालून पाहिला, तर गोळ्या खरोखर किती घेतल्या गेल्या हे कोणावरही आरोप न करता समजते.

त्यानंतर गेल्या सहा महिन्यांत नवे काय सुरू झाले ते आठवावे. दमा, संधिवात किंवा त्वचेच्या विकारासाठी घेतलेली स्टेरॉइडे, सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शनसुद्धा, साखर झपाट्याने वर नेतात. काही मनोविकारांवरील औषधे आणि लघवी वाढवणारी थायाझाइड गटातील औषधेही ती वाढवतात. दातांच्या मुळाशी साचलेला पू, मूत्रमार्गाचा संसर्ग, पायाची न भरणारी जखम, थायरॉइडचे वाढलेले काम, झोपेत श्वास अडकणे यांपैकी काहीही मागे असू शकते. केवळ एचबीए१सी वाढला असेल आणि घरचे आकडे पूर्वीसारखेच असतील तर त्या आकड्याचीही शहानिशा करावी, कारण लोहाच्या कमतरतेने तो खोटा वाढू शकतो, तर नुकतेच रक्त चढवले असल्यास किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या आजारात तो दिशाभूल करू शकतो.

पन्नाशी उलटलेल्या व्यक्तीची साखर थोड्याच महिन्यांत अचानक बिघडली, प्रयत्न न करता वजन उतरू लागले आणि पोटात किंवा पाठीत दुखू लागले, भूक मेली किंवा कावीळ दिसली, तर स्वादुपिंडाचे चित्रण करून घेण्याविषयी डॉक्टरांशी त्याच आठवड्यात बोलावे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी बिघडलेली साखर हीच असते. बहुतेकांच्या बाबतीत कारण हे नसते, पण ते वगळायला उशीर करू नये.

सी-पेप्टाइड : कधी, कसे आणि कोणत्या सोबतीने

बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी बनवतात आणि ती तुटून इन्सुलिन व सी-पेप्टाइड असे दोन तुकडे समसमान संख्येने रक्तात येतात. इन्सुलिनचा सुमारे निम्मा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते आणि उरलेले काही मिनिटांत नाहीसे होते. सी-पेप्टाइड मात्र यकृतात अडत नाही आणि रक्तात त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे अर्धा तास लागतो. त्यामुळे बीटा पेशींच्या कामाचा माग घेण्यासाठी थेट इन्सुलिन मोजण्यापेक्षा सी-पेप्टाइड मोजणे अधिक भरवशाचे ठरते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते, म्हणून जो आधीपासूनच इन्सुलिन घेतो आहे त्याचेही स्वतःचे इन्सुलिन किती उरले आहे हे या तपासणीने कळते. अनेकांना ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते आणि ‘आता इन्सुलिन सुरू झाले, म्हणजे तपासून उपयोग नाही’ अशी समजूत करून ते गप्प बसतात.

ही तपासणी करताना सर्वांत जास्त चूक एकाच ठिकाणी होते. सी-पेप्टाइडसोबत त्याच नमुन्यातील रक्तशर्करा मोजली जात नाही, आणि तिच्याशिवाय सी-पेप्टाइडच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. रक्तात साखर कमी असेल तर निरोगी बीटा पेशीही इन्सुलिन सोडणे थांबवते, म्हणून साखर ७०-८० मिलिग्रॅमच्या आसपास असताना आलेला कमी सी-पेप्टाइड पेशी थकल्याचा पुरावा होत नाही. उलट साखर कित्येक आठवडे ३०० च्या वर राहिलेली असेल तर तिच्याच माऱ्याने पेशी तात्पुरत्या बधिर झालेल्या असतात, आणि तेव्हाचा आकडा त्यांची खरी क्षमता कमी दाखवतो. म्हणून प्रयोगशाळेत जाताना चिठ्ठीवर ‘सी-पेप्टाइड’ आणि ‘त्याच वेळची रक्तशर्करा’ असे दोन्ही लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे. लिहिले नसेल तर डॉक्टरांना विनंती करून लिहून घ्यावे.

नमुना उपाशीपोटी देता येतो, पण पेशींची राखीव ताकद पाहायची असेल तर जेवणानंतर पाच तासांच्या आत दिलेला नमुना अधिक बोलका असतो, कारण जेवणाने पेशींना चालना मिळालेली असते. सोबत रक्तातील क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा, अलीकडचा अहवाल असावा. सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या रुग्णात ते रक्तात साचते आणि पेशी आहेत त्यापेक्षा सुदृढ भासतात. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगावे, कारण काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे आकडा चुकतो.

आकडा वाचताना

अहवालात एकक कोणते आहे ते प्रथम पाहावे, कारण काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहितात तर काही पिकोमोल प्रति लिटर. अमेरिकन आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या, प्रौढांमधील पहिल्या प्रकारच्या मधुमेहाविषयीच्या मार्गदर्शनात २०० आणि ६०० पिकोमोल या दोन मर्यादा वापरल्या आहेत. दुसऱ्या एककात त्या साधारण ०.६ आणि १.८ नॅनोग्रॅम होतात. प्रयोगशाळेने छापलेली ‘सामान्य मर्यादा’ मधुमेह नसलेल्या, उपाशी माणसांची असते, म्हणून अहवालात ‘सामान्य’ असा शेरा पाहून निर्धास्त होऊ नये. उपाशीपोटीची साखर २२० असताना सी-पेप्टाइड ‘सामान्य’ येणे याचा अर्थ असा की, एवढी साखर समोर असूनही पेशींना गरजेइतके इन्सुलिन सोडता येत नाही.

साखर पुरेशी वर असताना सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅमखाली आले, तर शरीरात इन्सुलिनची तीव्र कमतरता आहे असे समजावे. अशा वेळी आणखी गोळ्या वाढवून वेळ घालवू नये. इन्सुलिन हाच इथे खरा उपचार आहे आणि तो लवकर सुरू व्हायला हवा. १.८ नॅनोग्रॅमच्या वर आकडा असेल तर पेशी इन्सुलिन बनवत आहेत, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही किंवा गरज त्यांच्या आवाक्याबाहेर गेली आहे. वजन उतरवणे, मूत्रावाटे साखर काढणाऱ्या गोळ्या, आणि आतड्यातील संप्रेरकासारखे काम करणारी जीएलपी-१ गटातील इंजेक्शने यांचा विचार इन्सुलिनच्या आधी करण्यास इथे जागा असते. या दोन आकड्यांच्या मधला प्रदेश खरोखरच संदिग्ध असतो. तिथे रुग्णाचे वय, बांधा, मधुमेहाची वर्षे, वजनातील बदल हे सगळे पाहून ठरवावे लागते आणि काही महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

आकडा कमी किंवा मधला असेल आणि रुग्ण सडपातळ असेल, मधुमेह तरुणपणी किंवा मध्यमवयात सुरू झाला असेल, गोळ्या फार लवकर कमी पडल्या असतील, किंवा त्याला वा जवळच्या नातेवाइकांना थायरॉइडसारखा स्वप्रतिकारशक्तीचा विकार असेल, तर ‘अँटी-जीएडी’ ही प्रतिपिंडांची तपासणी मागावी. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असे निदान झालेल्या प्रौढांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांमध्ये ही प्रतिपिंडे सापडतात, म्हणजे त्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी हळूहळू नष्ट करत असते. या प्रकाराला डॉक्टर ‘लाडा’ म्हणतात. अशा रुग्णांना सल्फोनिलयुरिया देत राहणे योग्य मानले जात नाही आणि इन्सुलिन लवकर सुरू करणे हिताचे ठरते. माझ्या वडिलांची ही तपासणी नकारात्मक आली, तरी ती केली याचे मला समाधान आहे. निदान बदलणारी एवढी सोपी तपासणी क्वचितच मिळते.

थकलेली पेशी आणि संपलेली पेशी

सगळ्या निष्क्रिय पेशी मेलेल्या नसतात, ही या विषयातील सर्वांत आशादायक गोष्ट आहे. सतत वाढलेली साखर आणि रक्तातील चरबी बीटा पेशींवर विषासारखा परिणाम करते, त्यांच्या कणिकांचा साठा रिता होतो आणि त्या साखरेला प्रतिसाद देईनाशा होतात. २०१२ मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनात असेही दिसले की, दीर्घकाळ ताण सोसणाऱ्या काही बीटा पेशी मरत नाहीत, तर आपली ओळखच सोडून अपरिपक्व अवस्थेत परततात. ताण काढून घेतला तर त्यांतील काही पुन्हा कामाला लागू शकतात. माणसांतही याला आधार मिळतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील एका अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांची साखर दोन-तीन आठवडे कसून आटोक्यात आणून मग सगळी औषधे थांबवण्यात आली. वर्षभरानंतर औषधाविना साखर ताब्यात असलेले रुग्ण इन्सुलिन पंपाच्या गटात सुमारे ५१ टक्के आणि रोज इन्सुलिनची अनेक इंजेक्शने घेतलेल्या गटात ४५ टक्के होते, तर गोळ्यांच्या गटात ते २७ टक्के होते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेह होऊन ६ वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या रुग्णांनी कमी उष्मांकाच्या आहाराने वजन मोठ्या प्रमाणात उतरवले, तेव्हा वर्षाअखेरीस ४६ टक्के आणि दोन वर्षांनी ३६ टक्के जणांचा मधुमेह औषधांशिवाय शमलेला होता.

यावरून प्रत्यक्ष व्यवहारात दोन गोष्टी ठरतात. साखर फार चढलेली असताना सी-पेप्टाइड मध्यम किंवा थोडे कमी आले तर तो अखेरचा निकाल मानू नये. काही आठवडे इन्सुलिनने साखर खाली आणून तपासणी पुन्हा करावी, आणि आकडा सुधारला तर इन्सुलिन कमी करून गोळ्यांवर परत येता येते का ते डॉक्टरांनी ठरवावे. दुसरे म्हणजे, वजन जास्त असेल आणि मधुमेह फार जुना नसेल तर वजन उतरवण्याचा प्रयत्न पेशींना खरी विश्रांती देणारा आहे, म्हणून तो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली नेटाने करावा. परंतु जो आधीच सडपातळ आहे आणि ज्याचे वजन आपोआप उतरते आहे, त्याला ‘आणखी कमी खा’ असे सांगणे घातक असते. त्याचे शरीर इन्सुलिनअभावी स्वतःचेच स्नायू जाळत असते.

इन्सुलिन सुरू करताना

इन्सुलिन म्हणजे आजाराची शेवटची पायरी, ही भीती मी आमच्या घरात जवळून पाहिली आहे. वडिलांनी पेन हातात घेतले तेव्हा त्यांचा अंगठा बटणावर बराच वेळ तसाच थांबला होता. ४ मिलिमीटरची सुई पोटावर टेकली, बटण दाबले गेले, आणि ते म्हणाले, “झाले?” शरीरात जे कमी पडते ते भरून काढणारा हा उपचार आहे. सुई किती बारीक आहे हे रुग्णाला आधी बोटावर ठेवून दाखवावे. माझ्या मते समजावण्याच्या अर्ध्या तासापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सुरुवात बहुधा दिवसातून एकदा घ्यायच्या, दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनने होते. रोज १० युनिट, किंवा वजनाच्या दर किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट, ही नेहमीची पहिली मात्रा असते. म्हणजे ७० किलोंच्या माणसाला साधारण ७ ते १४ युनिट. डॉक्टरांनी तसे सांगितले असेल तर उपाशीपोटीची साखर ठरलेल्या मर्यादेत, बहुतेकांसाठी ८० ते १३० च्या दरम्यान, येईपर्यंत दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवता येतात, आणि कारण नसताना साखर ७० च्या खाली गेली तर मात्रा १० ते २० टक्क्यांनी कमी करावी लागते. मात्रा दर किलोमागे ०.५ युनिटच्या पुढे गेली, किंवा झोपताना असलेली साखर सकाळपर्यंत ५० पेक्षा जास्त उतरू लागली, तर हेच इन्सुलिन वाढवत राहणे चुकीचे ठरते. तेव्हा जेवणानंतरची साखर सांभाळणारे दुसरे औषध किंवा जेवणाबरोबरचे इन्सुलिन लागते. मेटफॉर्मिन सहसा चालू ठेवतात, पण जेवणाबरोबरचे इन्सुलिन सुरू झाले की सल्फोनिलयुरिया बहुधा थांबवतात.

कुपी आणि सिरिंज वापरत असाल तर एक गोष्ट प्रत्येक वेळी पाहावी. इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळू शकते आणि सिरिंजही त्या-त्या तीव्रतेची वेगळी असते. १०० तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेषेपर्यंत ओढले तर शरीरात २५ युनिट जातात, म्हणजे अडीचपट मात्रा. कुपीवरील आणि सिरिंजवरील आकडा दिव्याच्या उजेडात शेजारी धरून जुळवल्याशिवाय सुई टोचू नये.

जागा रोज बदलावी आणि आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर ठेवावे. आठवड्यातून एकदा हाताला थोडे तेल किंवा साबण लावून पोटावरून बोटे फिरवावीत. कातडीखाली रबरासारखी मऊ गाठ लागली तर ती जागा काही महिने पूर्ण सोडावी, कारण तिथे टोचलेले इन्सुलिन कधी शोषले जाते तर कधी नाही, आणि साखर का हेलकावे खाते याचे उत्तर कित्येकदा त्या गाठीतच असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे, गोठू देऊ नये. वापरातील कुपी किंवा पेन उन्हापासून दूर, खोलीच्या तापमानात बहुतेक प्रकारांत २८ दिवस चालते, म्हणून उघडल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी.

हातपाय थरथरणे, घाम, धडधड, अचानक भूक किंवा गोंधळलेपण जाणवले तर साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये, आधी ग्लुकोज घ्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वाट पाहू नये अशी वेळ

इन्सुलिन फार कमी उरलेल्या रुग्णाच्या शरीरात चरबी जळून कीटोन साचतात आणि रक्त आम्लधर्मी होते. सतत उलट्या, पोटात दुखणे, खोल आणि जोरात चालणारा श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, कमालीची तहान आणि गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर साखर मूत्रावाटे निघून जात असल्याने यंत्रावर २०० च्या आतला आकडा दिसू शकतो आणि सगळे ठीक आहे असा समज होतो, तर रक्त आतून आम्ल होत असते. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्याला वरील लक्षणे दिसली तर साखरेचा आकडा कितीही असो, रुग्णालयात जाऊन रक्तातील कीटोन तपासून घ्यावेत आणि कोणती गोळी चालू आहे हे दारातच सांगावे. ताप, उलट्या किंवा उपास यांमुळे अन्नपाणी पोटात जात नसेल तेव्हा ही गोळी थांबवण्याविषयी, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करण्याविषयी, डॉक्टरांकडून आधीच लेखी सूचना घेऊन ठेवावी. सी-पेप्टाइड कमी असलेल्या रुग्णाला ही गोळी द्यावी का, हा प्रश्न तर पहिल्याच भेटीत विचारावा.

वडिलांच्या वहीत आता साखरेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखलेला आहे. त्यात सी-पेप्टाइडचा आकडा त्याच्या एककासह, त्याच नमुन्यातील साखर, जेवणानंतर किती तासांनी नमुना दिला, क्रिएटिनिन, आणि त्या दिवशी चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावे व मात्रा असे एका ओळीत लिहिलेले असते. पहिली ओळ आणि इन्सुलिन सुरू झाल्यानंतर चार महिन्यांनी लिहिलेली दुसरी ओळ, एवढ्या दोनच नोंदी तिथे आहेत. पण नवे डॉक्टर वही उघडतात तेव्हा ते आधी त्याच पानावर थांबतात.